किशनगंजची लाईन

"मावशी, टाइप करा की."

"करून तर राहिले. उमटतच नाही काही."

काळ्या पडद्यावर पासवर्ड मागणारी ओळ होती आणि तिच्यापुढं एक पांढरा चौकोन नुसता लुकलुकत होता. चिमणीनं दाणे टिपावेत तसं सुमित्राबाई एकेक अक्षर दाबत होत्या. पण पडद्यावर ना अक्षर, ना ठिपका.

"तसंच असतं ते," अस्मिता म्हणाली. "पासवर्ड दिसत नाही. किती अक्षरांचा आहे तेही कुणाला कळू देत नाही."

"म्हणजे सगळं ऐकून राहिला, पण हूं का चूं करत नाही."

"अगदी बरोबर."

"आमच्या यांच्यासारखा," सुमित्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी एंटर दाबलं.

अस्मिता त्यांच्या रांझीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. नाशिकची मुलगी, बँकेच्या संगणक विभागात, बदलीवर जबलपूरला आलेली. खालच्यांचा जुना संगणक शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा तिनं त्याच्यातली सिस्टीमच बदलून टाकली. नव्या सिस्टीमनं आल्या आल्या यंत्राचं नाव विचारलं. सुमित्राबाईंना दुसरं काय सुचणार, त्या म्हणाल्या, नर्मदा. तेव्हापासून यंत्राचं नाव नर्मदा.

पासवर्ड मिळताच नर्मदेनं इंग्रजीत एक छोटं प्रवचन दिलं. पहिल्यांदाच दार ठोठावणाऱ्या माणसाला ती देते म्हणे. दुसऱ्याच्या खाजगीपणाचा मान राखा. हात लावायच्या आधी विचार करा. सुमित्राबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग फाईल उघडली.

इतकुशी फाईल. डावीकडे आकडे, उजवीकडे नावं.

"ही यंत्राची स्वतःची यादी," अस्मिता सांगू लागली. "कुठलंही नाव घेतलं की नर्मदा आधी इथे बघते, की हे राहतं कुठे. इथे सापडलं नाही, तरच बाहेर विचारायला जाते. म्हणून तर कुलपात ठेवलीय. सगळ्यांना वाचता येते, पण लिहायचं झालं तर परवानगी घेऊन."

"अगं, हे तर एक्स्चेंज आहे."

सुमित्राबाईंचा चेहरा असा उजळला की खिडकीतल्या जानेवारीच्या उन्हानं थोडं मागं सरावं. रांझीजवळच्या फॅक्टरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्या बोर्डावर बसायच्या तेव्हा रांझीच्या तारांवरची पाखरंसुद्धा त्यांना विचारून बसत, असं सांगणारे लोक अजून आहेत. एकदा धुक्यात तारेचा खांब पडला, तर बाईंनी दिल्लीचा कॉल इटारसी, नागपूर, मद्रास असा काही फिरवला, की दिल्लीच्या साहेबाला उत्तर मिळालं ते त्यानं प्रश्न विचारण्याच्या आधी. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन भावांना, दोघांनाही दिल्लीहून कॉल आहे म्हणून, त्यांनी समोरासमोर जोडून दिलं होतं. भाऊ आधी शिव्या देत राहिले, मग रडत राहिले. बाईंनी काही त्यातलं ऐकलं नाही. जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा, हा त्यांचा नेम.

"आणि हा पहिला नंबर? एक-दोन-सात, शून्य, शून्य, एक?"

"तो स्वतःचा पत्ता. जगातला कुठलाही संगणक घ्या मावशी, हा नंबर लावला की तो आपल्याच घरी येतो."

"सगळ्यांच्या घराचा एकच नंबर?"

"एकच."

सुमित्राबाई बराच वेळ त्या नंबराकडे पाहत राहिल्या. त्यांना दिसलं, जगभरातली यंत्रं आपापल्या अंधारात बसून तोच एक नंबर फिरवताहेत आणि प्रत्येकाचं दार प्रत्येकाच्याच आत उघडतंय.

"तुम्हाला ती साइट बंद करायचीय ना," अस्मिता म्हणाली, "तर तिचं नाव या नंबरापुढं लिहायचं. म्हणजे नर्मदा तिला बाहेर शोधायला जातच नाही, घरात शोधते. आणि घरात ती नसते. पण नवी ओळ घालायची हं. जुन्या ओळींना हात लावायचा नाही. कुठली साइट म्हणालात?"

"ती गं, जुगाराची जाहिरात येऊन राहिली ना सारखी," सुमित्राबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

जुगाराची जाहिरात वगैरे काही येत नव्हती.

गोष्ट अशी होती की रत्नाकर, त्यांचे यजमान, फॅक्टरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, हा कमी बोलणारा माणूस. किती कमी, तर एकदा त्यांच्या कामाच्या टेबलावर कबुतरानं अंडी घातली, पिलं वाढवली आणि पिलं उडूनही गेली; माणूस जवळ बसलाय हे त्या कबुतराला शेवटपर्यंत कळलं नाही. सुमित्राबाई दिवसभर गावाचं बोलणं जोडून घरी यायच्या आणि घरात लाईन बंद. त्यांनी समजूत घालून घेतली होती, की नोकरीत माणूस दमतो. निवृत्त झाला की बोलेल.

निवृत्त झाल्यावर रत्नाकर बोलू लागले खरे, पण किशनगंजशी.

शतरंजाची, म्हणजे बुद्धिबळाची, एक साइट होती. तिच्यावर दूरदूरची माणसं सावकाश डाव मांडून बसत. आज एक चाल, उद्या एक चाल. बिहारमधल्या किशनगंजचा एक गृहस्थ रत्नाकरांना तिथं भेटला. नाव सांगितलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं. नेहमी काळे मोहरे घ्यायचा. बायको वारलेली, खोकला जुना, घोड्यांवर फार जीव. चालीबरोबर दोन ओळी लिहायचा. रत्नाकर एका बोटानं हिंदीत उत्तर लिहायचे, आणि लिहिता लिहिता हसायचे. आवाज करून हसायचे. सुमित्राबाई स्वयंपाकघरात लाटणं हातात धरून ते हसणं ऐकायच्या. लग्नात मिळालेल्या भांड्यांपैकी एखादं इतक्या वर्षांनी सापडावं, आणि ते शेजाऱ्यांकडे वापरात असावं, तसं त्यांना वाटायचं.

"काय म्हणून राहिला तो?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"काही नाही."

"मग हसून काहून राहिले?"

"असंच," रत्नाकर म्हणाले.

अस्मिता भावाच्या लग्नासाठी रजा घेऊन नाशिकला गेली. त्यानंतरच्या एका दुपारी सुमित्राबाईंच्या कानातल्याची फिरकी हरवली म्हणून रत्नाकर सराफ्यात गेले. घर शांत होतं. बाहेर ऊन असं पडलं होतं की अंगणातल्या दोरीवरचे कपडेसुद्धा पेंगत होते. सुमित्राबाई नर्मदेसमोर बसल्या.

आधी नुसतीच फाईल उघडली, साइटचं नाव लिहिलं, जतन करायला गेल्या, तर यंत्रानं सांगितलं, परवानगी नाही. बरं. मग अस्मितानं शिकवलेला तो परवानगीचा शब्द पुढं लावून पुन्हा उघडली. पासवर्ड दिला. तो उमटला नाही. फाईल मात्र आली.

आणि इथं त्यांचा एक्स्चेंजचा हात आडवा आला. पहिल्या ओळीत घरच्या नंबरापुढं आधीच एक शब्द बसलेला होता. त्यांच्या बोर्डावर एका भोकात एकच पिन बसायची. दुसरी घालायची तर पहिली काढावी लागे. त्यांनी तो शब्द पुसला आणि तिथं शतरंजाच्या साइटचं नाव लिहिलं. खालच्या ओळीत जवळजवळ तोच नंबर आणि पुढं 'नर्मदा'. एकाच घरी दोन जोडण्या? अशानं तर लाईनीत खरखर येते, एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जातं. ती ओळही त्यांनी स्वच्छ करून टाकली. नवी ऑपरेटर आली की जुनीचा पसारा आवरते, तशी.

जतन केलं. ना घंटा वाजली, ना दिवा लागला. इतकं मोठं काम जगात इतकं चुपचाप होतं, याचं त्यांना नवल वाटलं.

संध्याकाळी रत्नाकर फिरकी घेऊन आले, ती बायकोच्या तळहातावर ठेवली आणि संगणकाशी जाऊन बसले. हसण्याचा आवाज काही आला नाही.

"काय झालं?" सुमित्राबाईंनी दारातून विचारलं.

"कनेक्शन नाकारलं म्हणून राहिलं."

"नेटवर्क असेल."

"नेटवर्क नसतं तर पेपर कसा उघडला असता? सगळं उघडून राहिलं. त्याचंच दार बंद आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रत्नाकर संगणक बंद करून बाहेर ओसरीवर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गेला तो."

"कोण?"

"किशनगंज. शेवटच्या चालीसोबत लिहिलं होतं त्यानं, छाती में भारीपन है, कल डॉक्टर को दिखाऊँगा." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तोच बसायचा ना तिथं. कधीही उघडा, आधीच येऊन बसलेला. त्याच्याच ओसरीवर पट मांडला असावा असं वाटायचं."

साइट म्हणजे कुणा एकाची ओसरी नसते, हे सुमित्राबाईंना माहीत होतं. सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. पण रत्नाकर एका दमात इतकं बोलल्याला किती वर्षं झाली होती. मधेच लाईन कापायची म्हणजे कशी? त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

रत्नाकरांनी कपाटातला लाकडी पट काढला, आठवणीनं तो अर्धा डाव मांडला, कोनाड्यात ठेवला, त्यावर झेंडूचं एक फूल वाहिलं. मग म्हणाले, "उद्या घाटावर जाऊन येतो. मित्राचं सूतक असतं एक आंघोळीचं."

असं सूतक कुठं लिहिलं आहे ते रत्नाकरांनाच ठाऊक.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर सकाळी एवढं धुकं होतं, की नावाडी आपली नाव कुठली हे हात लावून ओळखत होते. पाण्यातून वाफ निघत होती. खाली कुणी मोठं आधण ठेवलंय आणि वर ही नदी झाकणीसारखी हलतेय असं वाटत होतं. रत्नाकर तीनदा बुडून वर आले. ओठ निळे. घाटावरच्या पंड्यानं हातावर तीळ ठेवले आणि विचारलं, "नाम?"

"मालूम नहीं."

"गोत्र?"

"वो भी नहीं मालूम."

"अरे, तो कुछ तो बताइए बाबूजी, किसके नाम छोड़ूँ?"

रत्नाकरांनी विचार केला. "किशनगंज के थे," ते म्हणाले. "काले मोहरे लेते थे."

पंड्यानं धुक्याकडे पाहिलं, रत्नाकरांकडे पाहिलं. "चलेगा," तो म्हणाला. "मैया सब पहचानती है."

पाणी ओंजळीतून खाली पडलं. सुमित्राबाई पायरीवर टॉवेल धरून उभ्या होत्या. तो माणूस जिवंत असेल तर हे काय करून ठेवलं आपण? आणि खरंच गेला असेल तर? तर आपण त्या दुपारी फाईलमध्ये काय पुसलं?

त्यांनी नवऱ्याचं डोकं खसाखसा पुसलं.

आणि मग त्यांच्या घरात असे दिवस आले, जसे त्यांच्या लग्नात यायचे राहून गेले होते. मटारचा हंगाम होता. जबलपुरात जानेवारीत मटार इतका येतो की माणसं रस्त्यावरून चालत नाहीत, हिरव्या शेंगांवरून वाहत जातात. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून सुमित्राबाई दोन ढीग करायच्या, एक आपला, एक त्यांचा. रत्नाकर शेंगा सोलायचे आणि बोलायचे. दाणे सालांत टाकायचे, सालं दाण्यांत, पण बोलायचे. किशनगंजच्या त्या माणसाबद्दल सुरू करायचे आणि मग कुठून कुठं जायचे. लहानपणी वडिलांनी शतरंज शिकवताना थोबाडीत मारली होती. टूलरूममध्ये लोखंड तासलं जाताना त्याचा वास मोगऱ्यासारखा यायचा, पण कुणाला सांगितलं नाही, लोक हसले असते.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू दिवसभर लोकांचं ऐकून यायची. वाटायचं, घरी आल्यावर तरी कान मोकळे राहू दे."

सुमित्राबाईंनी एक शेंग फोडली. आत दाणे ओळीनं बसले होते. त्या पाहतच राहिल्या.

हेच तर हवं होतं. काही करायची गरज नव्हती. फाईल कुणी बघत नाही. अस्मितालाही कळणार नाही. किशनगंजला काळे मोहरे घेऊन खेळायला दुसरा कुणी मिळेल, किंवा तो खरोखरच गेला असेल. लाईन आहे तशी राहू द्यावी.

पण त्यांची दुपारची झोप बिघडली. डोळा लागला की समोर जुना बोर्ड यायचा. ओळीनं भोकं, प्रत्येकाखाली नाव. सगळे दिवे विझलेले, पार खालच्या कोपऱ्यातला एक तेवढा लुकलुकतोय. कुणीतरी तिकडे रिसीव्हर कानाला लावून बसलंय. ओरडत नाही, घाई करत नाही; नुसता श्वास ऐकू येतोय, मधेच खोकला. त्या पिन शोधतात, तर हातात मटारची शेंग येते. आणि मागून एक्स्चेंजच्या साऱ्या मुली, म्हाताऱ्या झालेल्या, म्हणतात, अगं, कुणीतरी लाईनवर आहे, कुणीतरी लाईनवर आहे.

एक दिवस त्या झोपेतून उठल्या त्या सरळ नर्मदेसमोर जाऊन बसल्या. रत्नाकर बाहेर ओसरीवर उन्हात होते. त्यांनी परवानगीचा शब्द लिहिला, एंटर दाबलं. यंत्र थबकलं. खूप वेळ थबकलं. मग इंग्रजीत पुटपुटलं, नर्मदा कुठं आहे ते सापडत नाही.

जबलपुरात बसून नर्मदा सापडत नाही म्हणणारं यंत्र! त्यांनी नाशिकला फोन लावला. मागं सनई वाजत होती.

"मावशी, जुन्या ओळींना हात लावू नका म्हटलं होतं ना?" अस्मिता म्हणाली.

"एका भोकात दोन पिना कशा बसतील?"

"बसतात हो, इथे कितीही बसतात."

"आमच्या बोर्डावर नव्हत्या बसत."

"बरं, घाबरू नका. त्याला स्वतःचं नाव आठवत नाहीये एवढंच. पासवर्ड मागतोय ना? मग देईल उघडून. मी सांगते तसं लिहा. एक दोन सात, टिंब..."

"एक, दोन, सात, टिंब," सुमित्राबाईंनी परत म्हटलं. आवाज आपोआप तो जुना झाला, प्रत्येक आकडा धुऊन पुसून ठेवलेला. सनईतूनही तो इतका लख्ख गेला की नाशिकच्या मांडवात दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं म्हणे. पहिल्या ओळीत घराचं नाव परत आलं. दुसऱ्या ओळीत नर्मदा परत आली.

"आणि ती जुगाराची साइट?" अस्मितानं विचारलं.

"जुगाराची नव्हती."

"मग?"

"काकांची होती."

मग अस्मिता हळूच म्हणाली, "ते नाव काढून टाका मावशी. जतन करा. झालं."

त्यांनी नाव पुसलं आणि जतन केलं. ब्राउझर उघडला. शतरंजाचा पट एखादी खिडकी उघडावी तसा सहज समोर आला. रत्नाकर वेळेत चाल न केल्यामुळे हरले होते. बाजूच्या पट्टीत ओळी एकाखाली एक साचल्या होत्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हा नेम होता, पण कान काढून घेता येतो तसे डोळे काढून घेता येत नाहीत.

'डॉक्टर ने कहा, गैस है।'

'आप समय की वजह से हार गए, रत्नाकर जी। ऐसी जीत मैं नहीं मानता।'

'तबीयत ठीक है न?'

आणि सगळ्यात खाली, त्याच सकाळची: 'आप कहते थे भाभी जी की आवाज़ से सारे शहर की लाइनें जुड़ती थीं, और घर में आप ही उनसे बोल नहीं पाते। उन्हीं से कहिए, हमारी भी जोड़ दें।'

सुमित्राबाईंनी ती ओळ एकदाच वाचली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, या. किशनगंज आहे लाईनवर."

रत्नाकरांच्या मांडीवरची सालं आणि दाणे ओसरीभर झाले. चपला तशाच घालून ते आत आले, वाकून पडद्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या गळ्यातून तो आवाज निघाला. हसण्याचा म्हणावा तर ओला.

"लाईन मीच तोडली होती," त्यांच्या पाठीमागं उभ्या राहून सुमित्राबाई म्हणाल्या.

"हं," रत्नाकर म्हणाले. ते चष्मा चाचपत होते.

"ऐकून राहिले ना तुम्ही?"

"हो, हो. थांब जरा. बसलाय तो तिथं. लिहून राहिला आहे."

त्यांनी कोनाड्यातल्या पटावरचं सुकलेलं फूल उचलून मुठीत घेतलं.

"त्याच्या नावानं पाणी सोडलं ते नका सांगू त्याला."

"काहून? हसेल तो," रत्नाकर म्हणाले आणि एक बोट कीबोर्डवर फिरू लागलं.

सुमित्राबाई ओसरीवर आल्या. ऊन कुंपणापर्यंत मागं सरकलं होतं, तारांवर पाखरं गप्प बसली होती. सांडलेले दाणे त्यांनी एकेक करून वेचले, वाटीत टाकले, आणि खाली बसल्या. आत खुर्ची करकरली.

"अगं," आतून आवाज आला, "तो विचारून राहिला, इतके दिवस होतो कुठं?"

"सांगा," त्या म्हणाल्या, "घरी होतो."

आत टकटक सुरू झाली. सुमित्राबाईंनी वर्तमानपत्राची पलीकडची कड धरली आणि रत्नाकरांच्या वाटणीचा ढीग आपल्याकडे ओढून घेतला.